हिरव्या गाडीला लावलेली हळद

"ही गाडी म्हणायची, का शेवाळ धरलेली हौदाची भिंत?" द्रौपदाक्का म्हणाल्या.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका लहानशा विमानतळाबाहेर भाड्याच्या गाड्या उन्हात रांगेनं उभ्या होत्या आणि खरोखरच सगळ्यांच्या पाठी हिरव्यागार होत्या. तो रंग नव्हता, जितंजागतं शेवाळ होतं. काउंटरवरची मुलगी गोड हसत इंग्रजीत काही सांगत होती आणि द्रौपदाक्कांची सून शालन ते मराठीत आणत होती. कानात घालायचे दुभाषे आता पोरंटोरंही वापरत, पण द्रौपदाक्कांना ते पटत नसत. यंत्राच्या तोंडापेक्षा सून बरी, निदान तिला दटावता तरी येतं.

शालन बी.कॉम. झालेली. द्रौपदाक्कांची शाळा तिसरीत सुटली होती. तरी सांगलीच्या हळद बाजारात त्या आल्या म्हटलं की भलेभले अडते खुर्ची सोडून उभे राहत, आणि ते काही कुणाच्या पदवीला बघून नव्हे.

गाडीचं शास्त्र तसं साधं होतं. झाडाचं पान उन्हात आपलं जेवण रांधतं, तेव्हा त्याच्या पोटात विजेचे कण सुटतात आणि तिथल्या तिथं खर्ची पडतात. शास्त्रज्ञांनी शेवाळाची अशी जात पैदा केली होती की जी हे कण सगळे आपणच न खाता थोडे बाहेर टाकी. गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर जेलीसारखा पातळ थर, त्यात हे शेवाळ, खाली बारीक जाळी आणि जाळीतून वीज बॅटरीत. गाडी दोन माणसांची, फुलासारखी हलकी. बॅटरीही लहान, कारण उन्हाळ्यात त्या मुलखात सूर्य झोपायलाच जात नाही म्हटलं तरी चालेल. गाडी नुसती उभी असली तरी म्हशीसारखी चरत असायची. त्यामुळं त्या डोंगरांत चार्जिंगचे खांब कुणी लावलेच नव्हते. फक्त एक अट होती. शेवाळाला श्वास लागतो, म्हणून वरच्या पापुद्र्याला बारीक छिद्रं ठेवलेली. वरून जे लावाल ते आत जाणार.

"साबण नको, तेल नको, मेण नको," शालननं सांगितलं. "फक्त पाणी."

"बरं बरं. चालवायची कुणी? आपली आपण चालती का?"

"शहरात चालते. पुढं डोंगरात रस्ता एकपदरी आहे, मेंढ्या आडव्या बसतात. तिथं तिचं डोकं चालत नाही म्हणे. आपणच चालवायची."

हे मात्र द्रौपदाक्कांना आवडलं. हळदीचा टेम्पो त्यांनी उभं आयुष्य हाकला होता, आणि इथं गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं धावत होत्या. मेंढ्यांपुढं हात टेकणाऱ्या यंत्राची त्यांना कीवच आली.

त्या आल्या होत्या नातीच्या लग्नाला. केतकी डोंगरांपलीकडच्या एका बेटावर समुद्राच्या लाटांपासून वीज काढणाऱ्या केंद्रात काम करायची आणि तिथल्याच कॅलम नावाच्या मुलाशी उद्या लग्न करणार होती. बेटावर जाणारी लग्नाआधीची शेवटची बोट आज संध्याकाळी होती. लग्न चर्चमध्ये होईना का, त्याला द्रौपदाक्कांची ना नव्हती. पण हळद लागली पाहिजे, आणि ती आपल्या हातची लागली पाहिजे. स्वतःच्या रानातली, स्वतः उखळात कुटलेली हळद त्यांनी कापडी पुडीत बांधून पोटाशी ठेवली होती.

"तिथं सवाशीण कोण हाय? मीच," असं त्यांनी सांगलीतच बजावलं होतं. केतकी तान्ही असताना शालनचा नवरा, म्हणजे त्यांचा थोरला विलास, गेला होता. विधवेनं नवरीला हळद लावायची नसते. त्यात बोलायचं काय? शालन तेव्हा "बरं आत्याबाई," एवढंच म्हणाली होती. ती नेहमी एवढंच म्हणायची.

दुसरी चालक म्हणून सही करायला शालन आत गेली आणि द्रौपदाक्कांना एकांत मिळाला. नवं वाहन, परका मुलूख, आणि पूजा न करता चाक फिरवायचं? त्यांनी विमानतळावरच्या चहावाल्याकडून हट्टानं घेतलेलं अख्खं लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवलं. मग पुडी सोडली, तळहातावर पाण्याचे दोन थेंब घेऊन हळद कालवली आणि बॉनेटवर स्वस्तिक काढलं. हिरव्यावर पिवळं नीट उठेना, तसं त्यांनी अजून लावलं, आणि मग अजून. दुकानदारीण हळदीची, हात आखडता घेईल कसा? एवढ्यात एक सर येऊन गेली. स्वस्तिक विरघळून बॉनेटभर पसरलं आणि शालन बाहेर आली तोवर एक फिकट पिवळी झाक तेवढी उरली होती.

तेल नको म्हणाली होती ती पोरगी. हळदीचं काही बोलली नव्हती.

रस्ता सुंदर होता, हे द्रौपदाक्कांनी मनात कबूल केलं, तोंडानं नव्हे. दोन्हीकडं खडकाळ डोंगर, मधे पाण्याचे लांबट आरसे, आणि रस्ता एवढा अरुंद की समोरून गाडी आली तर एकानं बाजूच्या फुगवट्यात थांबायचं. समोरचा थांबला की हात वर करायचा. द्रौपदाक्का हात वर करून करून दमल्या.

"निवडणुकीला उभी राहिल्यागत वाटतंय," त्या म्हणाल्या. शालन हसली. सासूसमोर ती फार कमी हसायची.

दुपार चढली तसं ऊन कडक झालं आणि गाडीनं पाय ओढायला सुरुवात केली. समोरच्या काचेवर बॅटरी उतरल्याचे लाल आकडे आले. बॉनेटचं हिरवं आता तपकिरी पडलं होतं, कुजक्या पालेभाजीसारखं.

हळदीतला पिवळा अंश जंतूंना मारतो हे घरोघरी ठाऊक असतं. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की उजेडात तो अंश दुप्पट पेटून उठतो आणि आसपासच्या जिवंत पेशी जाळत सुटतो. शेवाळ म्हणजे शेवटी जंतूंच्याच भावकीतलं, आणि त्याचं सगळं आयुष्य उजेडात. जी दुपार त्याचं ताट वाढायची तीच आता त्याच्यावर उलटली होती. टपावरचं शेवाळ जिवंत होतं, पण ते एकटं गाडीला चढावर ओढणार कसं? एका चढाच्या पायथ्याशी, एकाकी दगडी घरासमोर, गाडी उभी राहिली.

शालननं भाड्याच्या कंपनीला फोन लावला. दुसरी गाडी मिळेल, पण उद्या, असं उत्तर आलं. मग तिकडच्या माणसानं काही विचारलं आणि शालन फोनवर हात ठेवून सासूकडं वळली.

"विचारतोय, बॉनेटला काही लावलं होतं का?"

"मी कशाला काय लावू?" द्रौपदाक्का फटकन म्हणाल्या. "तूच मगाशी काच पुसलीस न्हवं? त्या कागदाला काय लागलं हुतं कुणास ठाऊक."

शालननं त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं. मग फोनवरचा हात काढून ती इंग्रजीत म्हणाली, की हो, काच मी पुसली होती.

घरातून एक म्हातारी बाहेर आली. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, मागं काळंपांढरं कुत्रं, आणि दोन्ही हात कमरेवर. तिचं नाव एफी. एकटीच राहायची, मेंढ्या पाळायची. कमरेवर हात ठेवण्याची पद्धत बघून द्रौपदाक्कांनी ओळखलं, ही आपल्याच जातकुळीची आहे. एफीनं बॉनेटकडं एकदा पाहिलं आणि झटकन मागं सरकली.

"तिथंच थांबा," शालन तिचं बोलणं सांगू लागली. "म्हणते, दोन वर्षांमागं या शेवाळावर रोग आला होता. असंच तपकिरी पडायचं. अख्ख्या खोऱ्यातल्या गाड्या बसल्या, सगळं खरवडून जाळावं लागलं. हा रोग असेल तर तिच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही."

"आन् नसंल तर?"

शालननं विचारलं. एफीनं घराशेजारी बोट दाखवलं. तिथं एक जुनी व्हॅन उभी होती. चाकं केव्हाच गेलेली, विटांवर टेकवलेली, पण पाठ मात्र हिरवीगार. त्या पाठीवर एफीच्या घरातले दिवे लागत आणि विहिरीवरचा पंप चाले.

"नसेल तर त्यातलं थोडं काढून देईन म्हणते. आपलं मेलेलं खरवडायचं, तिचं जिवंत पसरायचं. उजेड भरपूर आहे, तासाभरात धरतं. इथं सगळे असंच करतात. तिच्या व्हॅनवरचं तिच्या बहिणीकडून आलं, बहिणीला पलीकडच्या गावातून."

"म्हंजे विरजण की," द्रौपदाक्का म्हणाल्या.

"हो, विरजणच. पण म्हणते, आधी खरं सांगा. काय लावलं होतं? माहीत नसेल तर मी हात लावणार नाही. माझं हिरवं गेलं तर सगळ्या खोऱ्याचं जाईल."

द्रौपदाक्कांनी त्या हिरव्या व्हॅनकडं पाहिलं. त्यांच्या घरात दही कधी मोडलं नव्हतं. शेजारणी यायच्या, वाटी पुढं करायच्या आणि द्रौपदाक्का पळीभर घालताना चार शब्दही ऐकवायच्या, की संसार करता का चेष्टा? देणारीचा हात कसा असतो ते त्यांना चांगलं माहीत होतं. घेणारीची मान कशी असते ते आता मानेला कळत होतं.

शालननं घसा साफ केला आणि ती एफीला इंग्रजीत काही सांगू लागली. बोलताना तिनं काच पुसल्यासारखा हात फिरवला.

"गप," द्रौपदाक्का म्हणाल्या. "तिला सांग, पूजेची हळद लावली. सासूनं लावली, सुनंनं न्हाई. दोन्ही सांग."

शालननं सांगितलं. मग हळूच सासूला म्हणाली, "मला ठाऊक होतं आत्याबाई. गाडीत बसतानाच तुमचं बोट बघितलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून गाडी चालली असती का?"

द्रौपदाक्कांनी पदराला बोट पुसलं. 

एफी पुढं आली, वाकून तिनं बॉनेटचा वास घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकदम हलल्या. "म्हणते," शालन सांगू लागली, "आमच्याकडं लोक गाडीला शिव्या घालतात. गाडीला देव मानणारी पहिल्यांदाच बघितली."

"तिच्या घरात अंधार हुईल त्याचं काय? विचार तिला."

एफीनं आभाळाकडं हात केला. "अंधार? या महिन्यात? कुठून आणू?"

मग कामाला सुरुवात झाली. एफीनं तीन लाकडी उलथणी आणली. मेलेलं शेवाळ खरवडायचं, थंड पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचं, पिवळी झाक उरली नाही ना ते बघायचं. मग व्हॅनच्या पाठीवरून हिरव्या सायीसारखे तुकडे अलगद उचलून बॉनेटवर पसरायचे आणि वर पाणी शिंपडायचं. द्रौपदाक्का पदर खोचून बसल्या. एफी कसं पसरायचं ते दाखवायची, त्या मान हलवायच्या आणि आपल्याच पद्धतीनं करायच्या, मग एफी त्यांच्या हातावर चापट मारायची. सांगलीत असं करायची कुणाची छाती झाली नसती. द्रौपदाक्कांना राग यायला हवा होता, पण आला नाही.

हळूहळू काचेवरचे आकडे वर सरकू लागले. शालन गाडीत बसून ते वाचत होती. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"पुढं खिंड आहे. ती ओलांडली की बंदरापर्यंत उतारच. पण गाडीनं हिशेब केलाय. दोघी बसलो तर खिंडीच्या खालीच थांबेल. एकटी आणि बिनसामानाची असली तर जाईल. अजून थांबावं तर बोट सुटेल."

"मग मी जाते," द्रौपदाक्का म्हणाल्या. "तू सामानापाशी थांब. उद्या दुसरी गाडी आली की ये मागनं."

उद्या दुसरी गाडी येईपर्यंत लग्न आटोपलेलं असणार हे दोघींना माहीत होतं.

"बरं आत्याबाई," शालन म्हणाली आणि बॅगा उतरवू लागली.

एफीनं ते पाहिलं. तिनं शालनला एकामागून एक काही विचारलं. शालननं मान खाली घालून थोडक्यात उत्तरं दिली. एफीनं पुन्हा विचारलं, या वेळी द्रौपदाक्कांकडं बघत.

"काय म्हणती?"

"काही नाही."

"शालन, मी अडाणी हाय, बहिरी न्हाई. काय म्हणती?"

शालननं बॅग खाली ठेवली. "विचारते, नवरीची आई कोण? मी म्हटलं, मी. म्हणते, मग आई का जात नाही? म्हटलं, हळद लावायची आहे, ती मला लावता येत नाही. तर म्हणते," शालन थांबली, "म्हणते, हिच्या हाताला काय झालंय?"

द्रौपदाक्कांनी सुनेच्या हाताकडं पाहिलं. नखांच्या कडा पिवळ्या, तळव्याच्या रेघा पिवळ्या, मनगटापर्यंत कधीच न निघणारा जुना पिवळा रंग. विलास गेला त्या साली घरच्या हळदीच्या गिरणीवर बसायला कुणी नव्हतं. द्रौपदाक्कांनीच तिला टेम्पोत बसवून बजावलं होतं, की रडून गिरणी चालत नाही, गिअर टाक. तेव्हापासून दळणं, चाळणं, पोती भरणं, सगळं या हातांनी. साबणानं जाईना अशी हळद बारा महिने या हातांवर होती. त्या हळदीवर घर चाललं, केतकी शिकली, परदेशी आली. अर्ध्या सांगलीच्या लग्नांत लागलेली हळद या हातांतून गेली होती. तेव्हा एकाही नवरीचं काही बिघडलं नव्हतं. बिघडणार होतं ते फक्त हिच्या पोटच्या पोरीचं, असं द्रौपदाक्कांनी ठरवलं होतं, आणि ते ठरवलं कधी हे त्यांनाही आठवेना.

त्या उठल्या. पोटाशी बांधलेली पुडी सोडवली.

"बूट घाल माझे. ती चप्पल निसटंल पायातनं," त्या म्हणाल्या. "आन् यात क्लच न्हाई, सवयीनं पाय आपटत बसशील."

शालनला समजलं नाही. "मी? बूट कशाला?"

"कशाला म्हंजे? बोट काय माझ्यासाठी थांबलीया? धर." त्यांनी पुडी सुनेच्या हातात कोंबली. "पहिली हळद आईनं लावायची. कानामागं, गालाला, हाताला, पायाला. शिकवायला नगं तुला."

"आत्याबाई, लोक काय म्हणतील?"

द्रौपदाक्कांनी खोऱ्यावरून नजर फिरवली. "कुठली लोकं? ती मेंढरं? म्हणू दे काय म्हणायचं ते."

"आणि तुम्ही? एवढ्या लांब आलात तुम्ही, केतकीला बघायला."

"बघीन लगीन झाल्यावर. पोरगी काय पळून चाललीया?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं.

शालन वाकली आणि तिनं सासूच्या पायांना हात लावला. मग एफीच्याही पायांना लावला. एफी दचकून दोन पावलं मागं गेली, कुत्रं भुंकलं, आणि त्या गडबडीत कुणालाच रडायला सवड मिळाली नाही.

गाडी निघाली. एफीच्या अंगणातून चढ सगळा दिसत होता. दोन म्हाताऱ्या दगडी कठड्याला टेकून बघत राहिल्या. नवं कोवळं बॉनेट उन्हात चमकत होतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. खिंडीच्या तोंडाशी चढ उभा होता आणि त्यावर ढगाची सावली होती. तिथं गाडी मंद झाली, अगदी बैलगाडीसारखी, आणि मग उभी राहिली.

द्रौपदाक्कांनी कठडा घट्ट धरला. "थांबू नगं," त्या पुटपुटल्या. "थांबू नगं बाई."

वर शालन घाबरली नसणार. मालानं भरलेला टेम्पो घाटात बसला की काय करायचं हे तिला सासूनंच शिकवलं होतं: घाई करायची नाही, गाडीला दम घेऊ द्यायचा. ढग सरकला. खिंडीवर ऊन पडलं. एफीच्या व्हॅनवरचं, तिच्या बहिणीचं, पलीकडच्या गावातल्या कुणा अनोळखी बाईचं ते हिरवं थोडा वेळ उन्हात चरलं असावं. मग तो ठिपका हलला, वर सरकला आणि डोंगरापलीकडं उतरला.

एफी काहीतरी म्हणाली. द्रौपदाक्काही काहीतरी म्हणाल्या. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळलं नाही आणि दोघींनी माना हलवल्या.

व्हॅनची पाठ उघडी पडल्यानं एफीचा पंप बंद होता. तिनं दोन बादल्या उचलल्या तशी द्रौपदाक्कांनी एक तिच्या हातातून काढून घेतली. एफी नको म्हणत होती, हे कळायला भाषा लागत नव्हती. द्रौपदाक्कांनी ऐकलं नाही. ओढ्याचं पाणी हाड गोठवणारं गार होतं. त्यांनी घरातली पिंपं भरली, मेंढ्यांचा हौद भरला. मग बॅग उघडून लग्नासाठी आणलेल्या करंज्या काढल्या आणि एफीच्या पुढ्यात ठेवल्या. एफीनं एक खाल्ली, डोळे मिटले, आणि दुसरी न विचारता घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटीत घालणाऱ्या द्रौपदाक्कांना त्या दिवशी समजलं की कुणी आपल्याला दिलं, तर आपण लहान होत नाही. उलट जग थोडं मोठं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं. सांगलीत तर नाहीच.

सूर्य अजून डोंगराच्या वरच होता, तेव्हा फोन वाजला.

"आत्याबाई, बोटीत बसले," शालन म्हणत होती. मागं वाऱ्याचा आणि पाण्याचा आवाज होता. "केतकी धक्क्यावर येणार आहे. आत्याबाई, मी काय म्हणते, मला... "

"ऐक," द्रौपदाक्का मधेच म्हणाल्या. सुनेचं आभाराचं बोलणं ऐकायला त्यांचं मन अजून धजत नव्हतं. आभार कुणी कुणाचे मानायचे, हेही त्यांना आता नीट कळलं होतं. "हळद लावताना रडू नगंस. हात भरलेलं असत्यात, तसंच डोळं पुसायला जाशील. लई झोंबती आपली हळद."

"बरं आत्याबाई," पलीकडून आवाज आला.

"आन् शालन," त्या म्हणाल्या, "गिरणीत लागती तशी नुसती हाताला न्हाई. केतकीला लावून झालं, की तुझ्या गालाला पण तिच्याकडनं लावून घे. मी सांगितलंय म्हणावं."